तिकीट, पण तिकिटाचं : साताऱ्यातल्या एका अक्षरजुळणीच्या दुकानाविषयी

मी एसटीत वाहक आहे. सातारा आगार, नोकरीला १७ वर्षं झाली. मुक्कामी गाडी असली की रात्री गावात पोचायचं, दिवसाचा हिशेब जुळवायचा, डबा खायचा आणि गाडीतल्याच सीटवर वही उघडून बसायचं, असं गेली नऊ वर्षं चाललंय. त्यातून अकरा कथा झाल्या आणि त्यांचं पुस्तक गेल्या चैत्रात हातात आलं. ते ज्या दुकानात घडलं त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आपल्याकडे लिहिणारी माणसं खूप आहेत, पण लिहिलेलं दाखवायचं कुणाला हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

दुकानाचं नाव देत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "नाव नका टाकू मास्तर. दोन दिवाळी अंक आणि एक स्मरणिका अंगावर आहे, आणखी माणसं आली तर मी कुणालाच न्याय देऊ शकणार नाही." त्यांचा शब्द मोडणार नाही. राजवाड्याच्या बाजूला जुन्या पेठांच्या बोळांत अशी दुकानं अजून दोन-चार आहेत. पाटीवर 'अक्षरजुळणी, लग्नपत्रिका, झेरॉक्स' एवढंच लिहिलेलं असतं. शोधणाऱ्याला सापडेल.

आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे या दुकानाची किंमत कळेल.

मोबाइलवर जाहिरात पाहून मी पुण्यातल्या एका कंपनीकडे गेलो होतो. 'लेखक पॅकेज' ३८,५०० रुपये. त्यात मुखपृष्ठ, छपाई, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रसिद्धी आणि 'लेखकांच्या परिवारात प्रवेश' असं सगळं होतं. १५,००० आगाऊ भरले. हा परिवार म्हणजे दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. रोज कुणाच्या तरी मुखपृष्ठाचा फोटो यायचा आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. पुस्तकात काय लिहिलंय याबद्दल सहा महिन्यांत कुणी अवाक्षर काढलं नाही. मी एकदा अर्धी कथा टाकून मत विचारलं. फुलांचे गुच्छ आले.

मग पहिली पीडीएफ आली. बामणोलीच्या मुक्कामावरची माझी कथा आहे, कोयनेच्या फुगवट्याकाठची. तिसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं 'डोंगरदऱ्या'. छापलं होतं 'डोंगरदर्या'. दरी म्हणजे खोरं आणि दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत समुद्र आणून ठेवला होता. पुढे 'खऱ्या'चं 'खर्या', 'सुऱ्या'चं 'सुर्या', असं पानोपानी. फोन केला तर समोरच्या मुलाने सांगितलं, "सर, सिस्टीममध्ये तेच येतं." दुरुस्ती हवी तर पानामागे वेगळे पैसे. आयएसबीएनचे ४,००० रुपये लावले होते, ते तर पुढे कळल्यावर फारच लागलं. हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. १५,००० तिथेच सोडले आणि काम काढून घेतलं.

अण्णांच्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या मालकांच्या, दुकानात मी गेलो तो मुलीच्या बारशाची पत्रिका करायला. टेबलाशी एक पोरगी बसली होती आणि अण्णा तिला स्क्रीनवर एकच अक्षर केवढं तरी मोठं करून दाखवत होते. 'ल'. मराठी ल दोन पाकळ्यांचा आणि हिंदी ल दांडीचा. तिच्या कवितांच्या फाइलमध्ये दांडीचा ल आला होता. "वाचणाऱ्याला चूक सापडत नाही बाळ, पण काहीतरी परकं आहे एवढं त्याला जाणवतं," असं ते तिला सांगत होते. तसाच देठाचा श. २००९ च्या शासन निर्णयात हे दोन्ही आकार मराठीसाठी ठरवून दिलेत, हेही त्यांनी सांगितलं आणि मग दहा मिनिटं बसून तिला योग्य फाँट लावून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पत्रिकेचं काम झाल्यावर मी पिशवीतून पीडीएफची प्रिंट काढली. त्यांनी चष्मा वर सरकवला, तिसरी ओळ वाचली आणि म्हणाले, "हे कुणी केलं?" मग कीबोर्डवर ऱ कुठे असतो ते दाखवलं. साधा र आणि नुक्त्याचा ऱ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये फिरवताना नुक्त्याचा ऱ नेमका गळतो. म्हणून फाइल फिरवली की सगळ्यात आधी ऱ्य आणि ऱ्ह शोधायचे, मग रफार, मग पहिली वेलांटी. ही त्यांची पद्धत. शिशाचे एकेका अक्षराचे खिळे जुळवण्याच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. सोळाव्या वर्षी एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागले. त्या वेळी ऱ्य चा खिळा वेगळ्या घरात ठेवलेला असायचा, हात आपोआप तिकडे जायचा, असं ते म्हणतात. एक जुनी खिळ्यांची केस अजून दुकानात भिंतीला लावलेली आहे. तिच्या घरांत आता स्टेपलरच्या पिना आणि रबरबँड असतात.

दर सांगतो, कारण लोक पहिलं तेच विचारतात. टंकलेखन, मांडणी आणि तीन मुद्रितं (तपासायच्या प्रती, म्हणजे प्रूफं) धरून पानामागे ४५ रुपये. हाताने लिहिलेलं चालतं, अक्षर लागलं पाहिजे एवढंच. छपाई ते स्वतः करत नाहीत, कोल्हापूरच्या छापखान्यातून करून आणतात आणि छापखान्याचं बिल जसंच्या तसं दाखवतात. माझ्या ३०० प्रती साधारण २४,००० रुपयांत झाल्या, डेमी आकार, पिवळसर कागद. पॅकेज वगैरे भानगड नाही.

पण मला खरं सांगायचंय ते मुद्रितांबद्दल.

अण्णांच्या मिसेस हायस्कूलला मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून दुकानातली मुद्रितं त्या तपासतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. माझ्या पहिल्या कथेचं नाव 'शून्याचं तिकीट'. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांपुढच्या लोकांना एसटीत प्रवास मोफत झाला. मोफत असला तरी मशीनमधून तिकीट निघतं, त्यावर रक्कम शून्य. माझ्या कथेतली म्हातारी ती तिकिटं फेकत नाही, लुगड्याच्या गाठीत जपून ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला काहीतरी फुकट आणि वर पावती देऊन दिलेलं असतं. तर या कथेत 'तिकीट' हा शब्द ३१ वेळा येतो आणि मी त्यातला 'कि' ३१ही वेळा ऱ्हस्व लिहिला होता.

बाईंनी ३१ ठिकाणी पेन्सिलने बारीक गोल केले होते. मला समोर बसवलं. म्हणाल्या, "मास्तर, मूल म्हणताना मू दीर्घ. मुलाला म्हणताना मु ऱ्हस्व. खीर, पण खिरीत. वीज, पण विजेचा. आता तुम्ही सांगा, तिकीट कसं?" मी म्हटलं, दीर्घ. "आणि तिकिटाचं?" ऱ्हस्व. "झालं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व. घ्या पेन्सिल." दुरुस्त्या त्यांनी माझ्याकडूनच करून घेतल्या. ३१ मधल्या नऊ जागा 'तिकिटाचं', 'तिकिटावर' अशा होत्या, तिथे ऱ्हस्वच बरोबर होता. तेवढ्या मी ओळखून सोडतो का, ते बघायचं होतं त्यांना. सोडल्या. मान हलवली त्यांनी आणि चहा सांगितला.

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि पुढे १९७२ पर्यंत वाढून झालेले अठरा, हे मी शाळेत ऐकलेही नसतील असं नाही. पण माझ्या रोजच्या हातातला शब्द घेऊन कुणी समजावले नव्हते. दिवसाला चार-पाचशे तिकिटं फाडणाऱ्या माणसाला तो शब्द बरोबर लिहिता आला, याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. आजही मशीनवर बोट ठेवताना कधी कधी ती पेन्सिल आठवते.

बाईंचा आणि माझा एकदा चांगला वाद झाला. संवादांतल्या बोलीला त्या हात लावत नाहीत. 'कुठं चाललाईस', 'आलोया', 'न्हाय' हे सगळं जसंच्या तसं. पण निवेदन प्रमाण मराठीत हवं असा त्यांचा आग्रह. माझी एक कथा अख्खी गाडीच्या चालकाच्या तोंडून आहे, म्हणजे निवेदनच बोलीत. त्यांनी पहिली दोन पानं 'सुधारली'. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मोठ्याने वाचा. मी दोन्ही रूपं वाचली. वाचून झाल्यावर थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग खोडरबर घेऊन स्वतःच्या दुरुस्त्या एकेक करून पुसल्या. इतकी वर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाने हे करणं मला फार मोठं वाटलं. माझं ऐकून घेतलं म्हणून म्हणत नाही. आधी कानाने तपासलं आणि मग ठरवलं, यासाठी म्हणतो.

आता शनिवारची बैठक. हिला काही नाव नाही, फलक नाही, वर्गणी नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आत जे असतील ते बसतात. मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा एक निवृत्त तलाठी होते, साखर कारखान्यातले एक फिटर होते, ती कवितावाली पोरगी होती (ती नर्सिंग शिकते), आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता, जो विज्ञानकथा लिहितो. प्रत्येकाने फार तर दोन पानं वाचायची. वाचण्याआधी 'मला असं म्हणायचं होतं' हे सांगायचं नाही. ऐकणाऱ्याने 'छान' म्हणून गप्प बसायचं नाही, मन कुठे भरकटलं ती जागा सांगायची. हे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण नवा माणूस चुकला की तलाठी आप्पा हळूच आठवण करून देतात.

मी 'शून्याचं तिकीट' वाचलं. आवाज कापत होता. रोज भरल्या गाडीत ओरडणारा माणूस मी, पण ते वेगळं. वाचून झालं तर फिटर म्हणाले, "म्हातारी गाडीत चढली तिथून मी तुमच्यासोबत होतो. त्याच्या आधीचं धुकं वाचताना मी उद्याच्या शिफ्टचा विचार करत होतो." धुक्याची दीड पानं होती. मला ती फार प्रिय होती. बामणोलीला पहाटे साडेपाचला ते धुकं मी किती वेळा पाहिलंय. घरी जाऊन दोन दिवस रागावलो, मग तिसऱ्या दिवशी मुक्कामाला असताना पुन्हा वाचली आणि फिटर बरोबर आहेत हे पटलं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला. पुस्तक मांडून झालं होतं, सगळं मिळून १३३ पानं. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, १६ पानांचा असतो. आठ फॉर्म म्हणजे १२८. त्यावर पाच पानं गेली की नववा फॉर्म, म्हणजे १४४, आणि ११ पानं कोरी. "पाच पानं काढता येतील का बघा मास्तर, नाहीतर कोऱ्या कागदाचे पैसे भराल." धुक्याची दीड पानं गेली, दुसऱ्या एका कथेतलं एक लांबलचक पत्र गेलं, ऋणनिर्देश अर्ध्यावर आणला. १२८ झाली. पुस्तक वाचणारे आता सांगतात की कथा पटकन पकडतात. पुण्याच्या कंपनीने ११ कोरी पानं आनंदाने छापली असती.

ओळखीपाळखीचं म्हणाल तर त्या दुकानात मिळाल्या तेवढ्या मला कुठे मिळाल्या नसत्या. सगळं साहित्यजग कामानिमित्त त्या टेबलावरून जातं. एका दिवाळी अंकाचे संपादक जुलैत मजकूर घेऊन आले होते. अण्णांनी माझी कथा त्यांच्यापुढे ठेवली आणि "वाचून बघा, घ्याच असं म्हणत नाही" एवढंच सांगितलं. कथा आली. मानधनाचा ७०० रुपयांचा धनादेश मी आठ दिवस वटवला नव्हता. मराठीत दिवाळी अंकांची चाल 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पाडली, तेव्हापासून किती नवे लेखक याच दारातून आत आले असतील. पण दिवाळीचा अंक आश्विनात निघतो म्हणून कथा भाद्रपदात पाठवून चालत नाही, जुलैच्या आत द्यावी लागते, एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तीन वर्षं मी सप्टेंबरात कथा पाठवत होतो आणि उत्तर येत नाही म्हणून झुरत होतो.

मुखपृष्ठ तिथेच भेटलेल्या एका चित्रकला शिक्षकांनी केलं. त्यांनी आधी पाचही मोठ्या कथा वाचल्या आणि मग लुगड्याची गाठ काढली, नुसती गाठ. आणि नर्सिंगवाल्या पोरीला अण्णांनी वेगळी वाट दाखवली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी. मंडळ हस्तलिखितं मागवतं, ती तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्या पुस्तकाच्या छपाईला अनुदान देतं. अण्णांनी तिला स्पष्ट सांगितलं, "माझ्याकडे छापायला देऊ नकोस, आधी तिकडे पाठव." स्वतःचं गिऱ्हाईक असं दुसरीकडे पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. तिचे कागद गेलेत, निकाल यायचाय. आम्ही सगळेच वाट बघतोय.

आता उणं काय ते. वेळ पाळणं जमत नाही, हे आधीच मनाशी धरून जा. मला दोन महिने सांगितले होते, साडेचार लागले. वैशाखात लग्नपत्रिका आणि श्रावणापासून दिवाळी अंक, या काळात तुमची फाइल बाजूला पडते. फोन उचलतीलच असं नाही. जागा लहान, पंखा एकच, आणि जिना इतका उभा की तलाठी आप्पांना दर वेळी कुणीतरी हात द्यावा लागतो. खालच्या गाळ्यात बैठक घ्या असं मी दोनदा सांगितलंय. वितरण ते करत नाहीत. पुस्तक विकणं तुमचं तुम्हाला. माझ्या १८० प्रती गेल्या, त्या आगारात, रूटवरच्या गावांत, आणि आप्पांनी ओळख करून दिलेल्या तीन वाचनालयांत. उरलेल्या घरी पलंगाखाली आहेत. आणखी एक, बैठकीत बायका कमी असतात. आठला सुटलं की गावाकडची शेवटची गाडी गाठायची असते. बाई पोरींना स्वतः स्टँडपर्यंत सोडतात, पण बैठक चारला घेतली तर जास्त जणी येतील असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना सांगितलंय.

९९ वं साहित्य संमेलन साताऱ्यातच भरलं. एवढी माणसं, एवढे गाळे, एवढी पुस्तकं एका जागी बघून ऊर भरून आला. पण तिथे मी कुणाशी बोलायला गेलो नसतो, गर्दीत माझी जीभ वळत नाही. दोन पानं घेऊन अर्ध्या शटरखालून वाकून आत जाणं मला जमतं.

जाणार असाल तर मजकुराच्या दोन प्रती न्या, एक बाईंना लागते. कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि ओळींत पेन्सिल फिरेल एवढी जागा सोडा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर काम लवकर होईल. शनिवारी खुर्च्या सहाच असतात, सातव्या माणसाला कागदाच्या रिमवर बसावं लागतं. मी दोन वर्षं तिथेच बसतोय. मागच्या शनिवारी वाई रूटवरचा आमचा एक नवा वाहक सोबत आणला. लावण्या लिहितो. त्याला खुर्ची दिली आणि त्याचं पहिलं पान वाचून होईपर्यंत कुणीही काही बोललं नाही.